उमरेडच्या घरची फरशी

पुष्पलताबाईंनी फाइलीतला कागद अर्धा बाहेर काढला आणि भारतीचा हात पुढे आलेला पाहून पुन्हा आत सरकवला.

"पत्र?"

"कालच मेल केला ना मॅडम."

"मेल नाही चालत. सही-शिक्क्याचं पत्र पाहिजे. आमचं ऑफिस दिल्लीले जबाब देते, तुमच्या मुंबईले नाही."

भारतीनं पिशवीतून पत्र काढून टेबलावर ठेवलं. जावक क्रमांक, शिक्का, साहेबांची सही, सगळं होतं. असं काही मागतील हे ठाऊक असल्यामुळे ती तयारीनंच आली होती. पुष्पलताबाईंनी पत्र डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, मग चष्मा लावून वाचलं, आणि शेवटी नाइलाज झाल्यासारख्या उठून झेरॉक्स मशीनकडे गेल्या. मशीन गरम व्हायचं होतं. भारती एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत उभी राहिली. पिशवीतला फोन थरथरत होता. कुशल साहेबांचा असणार, सकाळपासूनचा सहावा.

"एवढी काय घाई आहे?"

"अधिवेशन आहे ना मॅडम. एक वाजता शिष्टमंडळ आत घेणार आहेत. उमरेडच्या विणकरांचा मोर्चा."

"एका म्हाताऱ्याच्या कार्डासाठी मोर्चा? कमाल आहे."

भारतीनं घड्याळ पाहिलं.

नागपुरात डिसेंबर उजाडला की सरकार मुंबईहून इथं मुक्कामाला येतं आणि पंधरा दिवस शहरातल्या एकाही बाबूला जेवणाचा डबा शांतपणे उघडता येत नाही. भारती राज्याच्या वस्त्रोद्योग खात्यात वरिष्ठ लिपिक होती. पुष्पलताबाई केंद्राच्या हातमाग कार्यालयात. दोन्ही कार्यालयांमध्ये चालत पंधरा मिनिटांचं अंतर, पण कागदाला तेवढं अंतर कापायला चार-चार महिने लागत. राज्यघटना करणाऱ्या शहाण्या माणसांनी कारभाराच्या याद्या तीन केल्या, एक केंद्राची, एक राज्याची, एक दोघांची मिळून. स्पर्धा परीक्षेसाठी भारतीनं त्या पाठ केल्या होत्या. केंद्रसूचीत जनगणना एकोणसत्तरावी, राज्यसूचीत उद्योग चोविसावे. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. चौथी यादी, जे काम कोणाचंच नाही त्याची, ती मात्र पुस्तकात नव्हती. ती नोकरीला लागल्यावर कळली.

तो म्हातारा त्या चौथ्या यादीतला होता. श्रावण मौंदेकर, राहणार उमरेड, वय एकाहत्तर. करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेली साडी तीन धोटे फिरवून हातमागावर विणणारा. सहा वर्षांपूर्वी केंद्रानं हातमागांची गणना केली, तिच्यात त्याचं नाव आलं नाही. गणनेत नाव नाही म्हणून विणकराचं ओळखपत्र नाही. गेली तीन वर्षं तो अर्ज करत होता, आणि दर वर्षी राज्याकडून त्याला एकच उत्तर जात होतं: 'सदर विषय केंद्र शासनाच्या अखत्यारीतील असल्याने आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी त्या कार्यालयाकडे वर्ग करण्यात येत आहे.' केंद्राकडून उलट टपाली उत्तर येई: स्थानिक पडताळणी हा राज्याचा विषय आहे.

ते पहिलं वाक्य भारतीचं होतं. कॉम्प्युटरमध्ये तयारच होतं, नाव तेवढं बदलायचं.

आणि श्रावण मौंदेकर तिचा बाप होता.

ऑफिसात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. लग्नानंतर ती पौनीकर झाली, आणि आडनाव बदललं की पुष्कळ गोष्टी आपोआप झाकल्या जातात. नात्यातल्या माणसाची फाइल आपल्या टेबलावर नको, हे तर होतंच. पण खरं सांगायचं तर तिला ते सांगावंसंच वाटलं नव्हतं. प्रताप नगरातल्या तिच्या सासरी मागाचा विषय निघाला की सासूबाई, शामलाबाई, अभिमानानं म्हणत, "आमच्या घरचा माग आजेसासऱ्याच्याच वेळी सुटला." जणू दारूच सुटली होती. भारतीचे वडील एका कापड दुकानात हिशेब पाहत, आता घरीच असतात, एवढंच त्यांना माहीत. उमरेडला त्या आजवर दोनदाच गेल्या होत्या, एकदा मुलगी पाहायला आणि एकदा लग्नाला. त्या पहिल्या भेटीची एक गोष्ट त्या हळदीकुंकवापासून बारशापर्यंत सगळीकडे सांगत: "भारतीच्या माहेरची माणसं सोन्यासारखी. पण घराची फरशी काही सरळ नाही वं बाई. मी बसली तो दिवाण असा डुलत होता, चहा सांडता सांडता वाचला!" बायका हसत. भारतीही हसे. सहा वर्षं हसत होती.

"घ्या." पुष्पलताबाईंनी झेरॉक्सवर शिक्का मारला. "गणनेचा मूळ कागद आहे. याच्यानं काही होणार नाही, मी आधीच सांगते."

"काहून?"

"वाचा ना. दुरुस्ती होते, नाही असं नाही. पण तुमच्या राज्यानं पडताळणी करून शिफारस पाठवायची, आणि गणनेवाला आला त्या दिवशी घरात हजर असलेल्या, घराबाहेरच्या दोन माणसांची साक्ष जोडायची. सहा वर्षांपूर्वी दारावर कोण आलं होतं, हे कोणाले आठवते सांगा? मले तर काल काय भाजी केली तेही आठवत नाही."

फोन पुन्हा थरथरला. भारतीनं कागद न वाचताच पिशवीत कोंबला आणि जिना उतरली.

मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला गाडी अडली. पुढे कठडे, कठड्यांमागे पोलीस, पोलिसांपुढे चार वेगवेगळे मोर्चे आणि चार भोंगे. अंगणवाडीच्या बायका थाळ्या वाजवत होत्या. साडेबारा होऊन गेले होते. तिनं स्कूटी फुटपाथला लावली, पास गळ्यात अडकवला, फोन पाहिला, पुन्हा पिशवीत टाकला. हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिनं तो कागद काढला.

छापील तक्ता होता. कुटुंबप्रमुखाचं नाव, घर क्रमांक. मागांची संख्या: शून्य. शेवटच्या रकान्यात निळ्या शाईत एक ओळ होती: 'घरी माग नाही, असे कुटुंबप्रमुखाने स्वतः सांगितले.' खाली सही. 'श्र'ला दोन गाठी मारून केलेली बापाची सही. सहीखाली तारीख, १९ जानेवारी, रविवार.

ती तारीख तिला कॅलेंडरमध्ये पाहावी लागली नाही. दर १९ जानेवारीला तिचा नवरा अभिजीत संत्रा बर्फी आणत असे. आपण पहिल्यांदा एकमेकांना पाहिलं तो दिवस, म्हणून.

भोंगे वाजतच होते. तिला एकदम फार उकडायला लागलं.

तिनं तेव्हा हट्ट धरला होता. नोकरी नुकतीच लागली होती, स्थळ प्रताप नगरचं होतं, मुलगा इंजिनीयर होता. "बाबा, एवढा एक दिवस तो माग दिसू देऊ नका. ते लोक काय म्हणतील? येऊन पाहतात तर समोरच्या खोलीत खड्डा!" आई तेव्हा होती, तिनंही काही म्हटलं नाही. बापानं अर्धी विणलेली साडी ताण्यासकट गुंडाळून छपरीत ठेवली, मागाची लाकडं सोडवली, पाय सोडून बसायच्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या. फळ्यांवर सतरंजी, सतरंजीवर शेजाऱ्यांचा दिवाण. भारतीनं दिवाणावर स्वतः कशिद्याची चादर घातली होती.

उमरेडचे चाळीसेक विणकर रस्त्याच्या कडेला, झाडाखाली बसले होते. कोणी भाकर खात होतं, कोणी टोपी तोंडावर ओढून पडलं होतं. श्रावण मौंदेकर उकिडवा बसून दुसऱ्याच्या हातातला पेपर वाचत होता. लेक दिसताच तो गडबडीनं उठला आणि ओळख न दाखवता चार पावलं बाजूला गेला. तिच्या ऑफिसच्या माणसांनी पाहू नये म्हणून. हे त्यानंच ठरवलेलं होतं, तिनं कधी सांगितलं नव्हतं.

चहाच्या ठेल्यामागे तिनं कागद त्याच्यासमोर धरला.

"बाबा, हे काय आहे?"

त्यानं तो वाचायचे कष्ट घेतले नाहीत.

"सापडला का शेवटी."

"तुम्ही स्वतः सांगितलं, घरी माग नाही म्हणून? आणि मी तीन वर्षं दिल्लीवाल्यांले शिव्या देऊन राहिली!"

"दे ना मंग. त्याईले सवय हाय."

"बाबा, काहून असं म्हटलं?"

म्हाताऱ्यानं चहावाल्याकडे पाठ केली.

"पाहुणे बसले होते ना वं. तुही सासू दिवाणावर होती, हातात कप होता. तू आतमंदी पोहे भरून राहिली होती. तो गणनेवाला पोरगा दारातूनच वरडला, काका, माग हाय का घरी? आता मी काय सांगू? दिवाणाखाली हाय म्हणू?" तो थोडा हसला. "नाही म्हटलं. सही कर म्हणे, सही केली. गेला बिचारा."

"मग दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायचं होतं."

"गेलो होतो. त्याचं उमरेड झालं होतं, तो भिवापूरले गेला होता."

"मग हे अर्ज कशाले केले दर वर्षी? तुम्हाले तर माहीत होतं."

रस्त्यावरून पोलिसांची गाडी गेली, तिच्याकडे तो पाहत राहिला.

"म्या म्हटलं, दोन दोन सरकारं हायेत. एकानं नाही म्हटलं तं दुसरं हो म्हणन."

भारतीला रडू आलं आणि रागही आला. त्याच्या अर्जातलं एक वाक्य तिला आठवलं: 'गणनेत नाव चुकून राहिले.' कोणाच्या चुकीनं, हे त्यानं तीन वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं.

"यंदा नसतो आलो," तो म्हणाला. "पण ते जानेवारीत शिकवायचा वर्ग हाय ना. सहा पोरी तयार झाल्या. शिकवणाऱ्यापाशी कार्ड पायजे, एकतीस तारखेच्या आत. रुपराव होता तोवर म्या म्हटलं, तो शिकवन. तो दिवाळीत गेला. आता करवतीचा काठ टाकणारा मीच उरलो, अन् डोळे म्हणशीन तं..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "हे पाय, तो कागद धोंडबाले दाखवू नको. तो गावभर करन. बात तुह्या सासरी जाईन. कार्ड नाही भेटलं तं नाही भेटलं."

तेवढ्यात पोलिसानं भोंग्यातून उमरेडचं नाव घेतलं. पाच जणांना आत सोडणार होते. धोंडबा, विणकरांचा पुढारी, टोपी सारखी करत ओरडला, "श्रावणभाऊ, चाल गा! तुहाच तं मामला हाय!"

मंत्री सभागृहात होते. त्यांचे विशेष कार्य अधिकारी भेटणार होते. खोली लहान, खुर्च्या चार, माणसं नऊ. भारतीचे साहेब, कुशल, पुण्याहून वर्षभरापूर्वी बदलून आलेला तरुण अधिकारी, भिंतीला टेकून फोनवर टाइप करत होता. भारती दिसताच त्यानं मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं.

अधिकाऱ्यानं निवेदन वाचलं. कुशलकडे पाहिलं.

"सर, सदर विषय केंद्र शासनाच्या अखत्यारीतला आहे," कुशल म्हणाला. वाक्य भारतीचंच होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला ते ओळखीचं वाटलं नाही.

धोंडबा उठूनच उभा राहिला.

"दरवर्षी हेच! दिल्लीवाला म्हणते नागपूरले जा, नागपूरवाला म्हणते दिल्लीले जा. आमचा माग काय रेल्वेच्या रुळावर मांडला हाय का, की केंद्राचा म्हणता? उमरेडच्या मातीत खड्डा करून मांडला हाय साहेब! या पाहाले!"

"बसा बसा, काका. गणनेचा कागद मागवला होता ना? आला?"

कुशलनं भारतीकडे हात केला. "मॅडम, द्या."

कागद पिशवीत होता. ती पिशवी दोन्ही हातांनी धरून उभी होती. कागद दिला की प्रकरण दोन मिनिटांत संपणार होतं. अर्जदारानंच माग नाही म्हटलंय, केंद्र बरोबर, राज्य बरोबर, म्हातारा खोटा. कागद नाही मिळाला म्हटलं, तर एकतीस तारीख निघून जाणार होती आणि कोणीच खोटं ठरणार नव्हतं. बापानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो खाली, फरशीकडे पाहत होता.

"मॅडम?"

"आला आहे सर." तिचा आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "त्याच्यात लिहिलं आहे, घरी माग नाही. ते खरं नाही. माग होता. त्या दिवशी झाकला होता. मी झाकायला लावला होता."

"तुम्ही?" कुशलनं फोन खाली घेतला. "तुमचा काय संबंध?"

"श्रावण मौंदेकर माझे वडील आहेत."

खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली. धोंडबानं श्रावणकडे पाहिलं, मग भारतीकडे.

"मॅडम, हे तुम्ही फाइलवर तेव्हाच लिहायला हवं होतं," कुशल हळू आवाजात म्हणाला. "हे टेबल तुमच्याकडे ठेवलंच नसतं मी."

"हो सर. चुकलं."

अधिकाऱ्यानं कागद वाचला, तारीख वाचली, पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"वडिलांसाठी तुम्ही साक्ष देऊन चालणार नाही. पडताळणी दुसरं कोणी करेल. शिफारस आमची, निर्णय त्यांचा. पण त्या दिवशी हजर असलेली, बाहेरची दोन माणसं लागतील. आहेत?"

"राहू द्या साहेब," श्रावण पटकन म्हणाला. "कोणी नव्हतं."

"आहेत," भारती म्हणाली. "दोघं. मी फोन करून येते."

बाहेरच्या व्हरांड्यात शिपायांची ये-जा चालू होती. तिनं नंबर लावला, कापला, पुन्हा लावला. बाप मागोमाग आला होता, पण जवळ आला नाही, खांबापाशी थांबला. हातानं नको नको करत होता.

"बोल," अभिजीत म्हणाला. "जेवायलाच बसलो होतो घरी. झालं का तुझं अधिवेशन?"

"अभिजीत, मला पाहायला आले होते तुम्ही लोकं, तेव्हा दारावर एक मुलगा आला होता. आठवते? हातात पॅड होतं त्याच्या."

"हो, कागद घेऊन होता कोणीतरी. बाबांनी सही केली. का गं?"

"त्यानं काय विचारलं होतं?"

"ते काही आठवत नाही बुवा. माझं लक्ष दिवाणाकडे होतं. सारखा डुलत होता, आईनं कप घट्ट धरला होता." तो हसला. "आई अजून सांगते ना. काय झालं पण?"

मागून शामलाबाईंचा आवाज आला, ताटलीच्या आवाजात मिसळलेला. "भारती आहे का? काय म्हणते ती?"

"काही नाही आई, ती विचारून राहिली..."

"फोन दे त्यांना," भारती म्हणाली.

"आईला? आता?"

"हो. त्यांनाच दे."

खांबापाशी बापानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला, बांगड्या वाजल्या.

"हं, बोल वं. काय झालं? आवाज काहून असा येऊन राहिला तुझा?"

भारतीनं दुसऱ्या हातानं व्हरांड्याचा कठडा धरला.

"आई," ती म्हणाली, "आमच्या उमरेडच्या घरची फरशी सरळ आहे."